नटभूषणांच्या शेजारची बाई

"हिला काढून टाका," नेजकर वकील म्हणाले.

ते माझ्या टेबलापाशी उभे होते. टेबलावर एक काच होती आणि काचेवर दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींचे चेहरे कोळशासारखे काळे, केस पांढरे, कुंकू पांढरं. निगेटिव्हमध्ये सगळी माणसं अशीच भुतासारखी दिसतात. वकिलांनी तरीही खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका फोटो स्टुडिओत रिटचर आहे. रिटचर म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल आणि चाकू चालवून माणसाला तो आहे त्यापेक्षा बरा करणारा. देवीचे व्रण, सुरकुत्या, लग्नाच्या मुलीचे पुढे आलेले दात, साहेबाच्या नाकाचं सोललेलं कातडं हे सगळं माझ्याकडे येतं आणि नाहीसं होऊन परत जातं. हे काम मी धरलं त्याचं खरं कारण एकच. ते मागच्या खोलीत बसून करायचं असतं आणि गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं इंग्रजी शिकले. त्याचा उपयोग केमिकलच्या बाटल्यांवरची लेबलं वाचायला होतो.

आमचे मालक रेडेकर. ते मला गिऱ्हाइकासमोर 'मिस' म्हणतात आणि गिऱ्हाईक गेल्यावर 'अगं ए'.

"मिस, हे काम अर्जंट आहे," मालक म्हणाले. "नटभूषण मुराररावांचं आहे."

मुरारराव कोण हे तेव्हा बेळगावात कुणाला सांगावं लागत नसे. संगीत नाटकात त्यांनी पंचवीस वर्षं बायकांची कामं केली. ते पडद्यामागून नुसते खोकले तरी टाळ्या पडत. ते मूळचे निपाणीचे, म्हणून निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला होता. नेजकर वकील त्या कमिटीचे सेक्रेटरी. सत्काराला गौरव अंक निघणार होता. त्यात नटभूषणांचा स्त्रीपार्टातला सर्वांत पहिला फोटो हवा होता, आणि तो काढला होता आमच्या मालकांच्या वडिलांनी. त्याची प्रिंट आता कुणाकडेच नव्हती. काच मात्र आमच्या फडताळात सापडली. जुन्या रजिस्टरात नोंद होती: 'मुरारी, नाटकवाला, आणि घरचे माणूस.'

घरचे माणूस म्हणजे बायको. अडचण तीच होती.

"अंकात चरित्र मी स्वतः लिहिलंय," वकील म्हणाले. "तारुण्य त्यांनी रंगदेवतेला वाहिलं. मग पस्तिसाव्या वर्षी मुंबईच्या बाईसाहेबांशी विवाह. आता त्या चरित्राच्या मधोमध ही कोण म्हणून बसणार?"

"पहिलं लग्न झालं होतं ना?" मालकांनी विचारलं.

"झालं होतं. कायद्यानं दोन्ही लग्नं चालतात, रेडेकर. गौरव अंकात एकच चालतं."

त्यांनी खिशातून मुराररावांचं पत्र काढून वाचलं. 'फोटोत डावीकडे मी आहे. उजवीकडची बाई काढावी. प्लेटच साफ करावी, म्हणजे पुन्हा कुणी प्रिंट काढायला नको.'

मग त्यांनी माझी लाल पेन्सिल उचलली, काचेवर वाकले आणि उजवीकडच्या बाईच्या डोक्यावर फुली मारली.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. फोटोच्या काचेला दोन बाजू असतात. एक साधी, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला मसाला, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो थर. रिटचिंग मसाल्याच्या बाजूनं करतात, म्हणून माझ्या टेबलावर काच नेहमी मसाला वर करून ठेवलेली असते. त्या बाजूनं पाहिलं की चित्र आरशातल्यासारखं दिसतं. डावीकडचा माणूस उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. कागदावर प्रिंट काढली की सगळे आपापल्या जागी जातात. आमच्या धंद्यातलं हे पहिल्या दिवसाचं शिक्षण आहे.

वकिलांनी फुली मारली होती ती खुद्द मुराररावांवर.

"सर," मी म्हणाले, "ही मसाल्याची बाजू..."

"बाई, मी वीस वर्षं वकिली करतो. डावं-उजवं मला कळतं."

"पण प्रिंटमध्ये..."

"मिस," मालक म्हणाले. त्या 'मिस'मध्ये 'अगं ए' स्पष्ट ऐकू आलं. एरवी मालकांनी आधी एक प्रूफ काढलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती. पण युद्ध चालू होतं, फोटोचा ब्रोमाइड पेपर मिळत नव्हता आणि प्रूफ काढणं आम्ही बंद केलं होतं. वकिलांनी काचेच्या पाकिटावर लिहिलं, 'खूण केलेली आकृती समूळ काढणे', आणि खाली सही ठोकली. वकील माणसाला कोरा कागद दिसला की राहवत नाही.

मी दुसऱ्या दिवशी मालकांना एकटं गाठून सांगायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुळसाक्का आली.

तुळसाक्का म्हणजे काढून टाकायची बाई. वडगावात राहायची, माहेरच्या घरी, आणि माग चालवायची. वकिलांना तिची 'हरकत नाही' अशी सही हवी होती. ते आधी तिच्या घरी जाऊन आले होते, पण मागांच्या ठोक्यात त्यांचं भाषण त्यांनाच ऐकू येईना. म्हणून तिला स्टुडिओत बोलावलं. उंच, वाळकी बाई. बोटांना सुताचे घट्टे. तिनं खुर्ची सोडून बाकावर बैठक मारली. मी दाराच्या फटीतून बघत होते.

"इथं सही करा," वकील म्हणाले.

"काय लिव्हलंय त्यात?"

"फोटोतून तुम्हाला वगळायला तुमची हरकत नाही, एवढंच."

"कशापायी वगळायचं?"

"अंकाला शोभत नाही ते."

"मी शोभत न्हाय?"

"तसं नव्हे हो. लोक विचारतील, ही दुसरी कोण."

"मग सांगा की कोण ते. लगीन काय चोरून लागलंतं व्हय? जेवायला तुमचा बा बी आलता."

वकिलांचे वडील त्या लग्नात जेवले होते, हे मालकांना नवीन होतं. ते खोकले.

"हे पाहा, मुंबईच्या बाईसाहेब व्यासपीठावर बसणार आहेत..."

"बसंनात. मी कुठं खुर्ची मागालोय? मला हार नको, नारळ नको. तेवढी काच खरवडू नका." ती प्रथमच मालकांकडे वळली. "अण्णा, जल्मात माझा एकच फोटो निघालाय. आईबा गेली. मी तरणी कशी दिसत होतो ते बघितल्यालं माणूस आता घरात न्हाय. तेवढी काच हाय."

मालकांनी कपाळाला हात लावला. ते वाईट माणूस नाहीत. पण मालक आहेत.

"आक्का, ऑर्डर आलीय. मी काय करणार?"

"मग मला एक छापून द्या आन् मग खरवडा."

"पेपर नाही हो. युद्ध चाललंय."

"युद्ध माझ्याच फोटूवर आलं व्हय?"

तिनं सही केली नाही. वकील म्हणाले, सही नसली तरी चालेल, काच स्टुडिओच्या मालकीची असते, रिवाज तसाच आहे. हे खरं आहे. रिवाज तसाच आहे. मग ते टांग्यात बसून गेले.

तुळसाक्का उठली आणि सरळ माझ्या खोलीत आली. मला बायकांशी बोलायलाही जमत नाही. मी स्टूल पुढे केलं. तिनं काचेकडे पाहिलं. लोकांना निगेटिव्हमध्ये स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही. तिला क्षणभरही लागलं नाही.

"ही मी. ह्यो त्यो."

"कसं ओळखलंत?"

"बसल्यालं बघ की गं. गुडघं बघ त्याचं, पैलवानावानी. बसायला मीच शिकीवलं त्याला. पयल्यांदा लुगडं नेसवलं तर फतकल मारून बसला. पदर कुठनं घ्यायचा, घागर कुठल्या कमरंवर, हसताना दात किती दावायचे... म्हैनाभर माग बंद ठेवून शिकीवलं. दोन्ही लुगडी माझ्याच मागावरची." ती जवळ वाकली. "लोकं म्हणत्यात, काय चालतोय, काय लाजतोय! म्या मनात म्हणतो, ते मीच की रं."

फोटोत तिचा एक हात त्याच्या खांद्यावर होता. मी त्याबद्दल विचारलं.

"पदर घसरालता त्याचा. सारका कराय गेलो, तेवढ्यात मोठ्या मालकानं कॅमेऱ्याची टोपी काढली. म्हणाले, हलू नगा. न्हाय हललो."

मग तिला लाल फुली दिसली.

"ही काय?"

"वकिलांनी केलीय. काढायच्या बाईवर."

"ही तर त्याच्यावर हाय."

बोलायची मला सवय नाही आणि त्या दिवशी गप्प राहण्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

"वकिलाला ठावं हाय?"

"मी सांगत होते. त्यांनी ऐकलं नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलले. आधी वाटलं रडतेय. "मग त्यानं जिथं फुली मारलीया तिथंच खरवड, पोरी," ती म्हणाली. "एवढा शिकल्याला वकील. चुकायचा न्हाय."

मालकांना एकटं गाठायचं मी रद्द केलं.

नटभूषणांना नाहीसं करायला मला तीन दिवस लागले. आधी चेहरा. निगेटिव्हवर चेहरा दाट असतो, तो चाकूनं बारीक बारीक खरवडावा लागतो. घाई केली तर मसाला निघून भोक पडतं. मग लुगडं आणि दागिने. जिथं पातळ होतं तिथं पेन्सिलनं भरून मागचा पडदा पुढे आणला. पडद्यावर रंगवलेला कठडा होता, तो लांबवला. शेवटी तुळसाक्काचा हात उरला. ज्या खांद्यावर तो होता तो खांदाच गेला होता. हात हवेत लटकत होता. मी त्याच्या खाली कठड्याचा एक खांब रेखाटला आणि हात त्यावर टेकवला.

मालकांनी प्रिंट पाहिली. तरुण बाई, नथ, शहापुरी लुगडं, हात कठड्यावर.

"वा! दुसरी होती हे कळतसुद्धा नाही. आणि मुरारराव काय दिसत होते बघ!"

मुरारराव आता सुटलेले होते, टक्कल पडलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वीची पावडर लावलेली कुठलीही बाई त्यांच्या नावावर खपली असती. प्रिंट कोल्हापूरला गेली, छपाईचा ब्लॉक झाला, अंक छापला.

सत्काराचे फोटो काढायचं काम आमच्याच स्टुडिओला होतं. प्लेटांची पेटी सांभाळायला मालकांनी मला नेलं. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार चढ आला की थांबायची, आणि निपाणीपर्यंत चढ पुष्कळ. समारंभ तंबाखूच्या वखारीत होता. वखार झाडून पताका लावल्या होत्या. पण तंबाखूची धूळ पताकांना ऐकत नाही. स्वागतपर भाषणापासून सगळा मांडव शिंकत होता. नेजकर वकिलांनी 'रंगदेवता' हा शब्द तीनदा सुरू केला आणि तीनदा शिंकले.

व्यासपीठावर मुरारराव, शेजारी मुंबईच्या बाईसाहेब, आणि पुण्याहून आणलेले एक टीकाकार. अंकाचं प्रकाशन झालं. टीकाकारांनी फोटोचं पान उघडून सभेला दाखवलं.

"हे पाहा! ही बैठक पाहा. आणि हा हात! कठड्यावर किती अलगद टेकलाय. मी जबाबदारीनं सांगतो, ही नजाकत खऱ्या बाईला जन्मात जमणार नाही!"

टाळ्या. शिंका. पुन्हा टाळ्या.

त्या हाताखालचा खांब माझा होता. मला जरा बरं वाटलं, हे नाकारत नाही.

मुराररावांनी आपल्या हातातला अंक उघडला. चेहरा कुठे हलतो ते बघणं हा माझा धंदाच आहे. आधी डावी भुवई हलली, मग जबडा. त्यांनी अंक मिटला. पुन्हा उघडला. बाईसाहेब कौतुकानं वाकल्या. "अगंबाई, किती गोड दिसत होता तुम्ही! हा फोटो आपल्या दिवाणखान्यात हवा हं."

आता ते काय बोलणार? हा मी नव्हे, असं म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "हा फोटो... फार जुना आहे." सभेला तो विनय वाटला.

बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, तुळसाक्का बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मोटारीचं तिकीट मात्र कुणालाही मिळतं. शेजारची बाई तिला अंक दाखवून म्हणाली, "बघा तर आक्का, बाप्या असून काय बाई दिसतोय!"

"व्हय," तुळसाक्का म्हणाली. "लई सराव केलाय त्येनं."

दुसऱ्या दिवशी मुरारराव आणि नेजकर वकील स्टुडिओत हजर झाले. वकिलांनी आल्या आल्या माझ्याकडे बोट केलं.

"हिनं मुद्दाम केलंय! रेडेकर, हिला आजच्या आज काढा!"

मालकांनी पाकीट आणून काउंटरवर ठेवलं. त्यावरची सही वकिलांनी वाचली. मग काच मसाला वर करून ठेवली. मग पालथी केली. वकिलांनी एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून. त्यांचा चेहरा रिटच न करता बदलत गेला.

"तुम्हाला मिसनं सांगायचा प्रयत्न केला होता," मालक म्हणाले. त्यांना हे आत्ताच आठवलं असावं.

"ते जाऊ द्या," मुरारराव म्हणाले. आवाज खरंच सुंदर होता. "ही काच फोडून टाका."

मालक काच उचलू लागले. मी मध्ये बोलले. गिऱ्हाइकाशी बोललेलं हे माझं पहिलं पूर्ण वाक्य.

"फोडता येईल, सर. पण अंक घरोघरी गेलाय. उद्या कुणी प्रिंट मागायला आलं तर काच का फोडली म्हणून सांगू? आणि बाईसाहेबांना दिवाणखान्यासाठी हवी आहे ती?"

बाहेर कॅम्पातली लष्करी लॉरी गेली, फडताळातल्या काचा किणकिणल्या.

"ती आली होती इथं?" मुराररावांनी विचारलं.

"हो."

"काय म्हणाली?"

"पहिल्यांदा तुम्ही फतकल मारून बसलात म्हणाल्या."

नटभूषण कानापर्यंत लाल झाले. पंचवीस वर्षं रंगमंचावर लाजणं केलं होतं; हे त्यातलं नव्हतं. "राहू द्या काच," ते म्हणाले आणि टोपी विसरून गेले. वकील टोपी घ्यायला परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

काच राहिली. मी स्वतःवर फार खूष होते. युद्ध संपलं, पेपर मिळू लागला आणि त्या फोटोच्या मागण्या सुरू झाल्या. थिएटरवाले, हॉटेलवाले, नाट्यप्रेमी मंडळं. कितीतरी भिंतींवर तुळसाक्का लागली. पहिली चांगली प्रिंट मी तिच्यासाठी ठेवून वडगावात निरोप धाडला.

ती आली. प्रिंट हातात घेऊन खिडकीपाशी गेली. मी कौतुकाची वाट बघत उभी होते.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पर ह्यो मी भितीवर कसा लावू गं?"

"का?"

"परवा बहिणीची नात आलती. अंकातलं पान दावलं तिला, म्हटलं बघ, आज्जी तरणी असताना. ती शाळंत जाती. खालचं वाचून दावली मला. 'नटभूषण मुरारराव.' म्हणती, आज्जी, ह्यो तर बाप्या हाय." तिनं प्रिंट टेबलावर ठेवली. "आदी नुसती मला काडणार हुते. आता जगात माझं तोंड हाय, पर ते त्याचं हाय. आपुन दोघी लई शाण्या ठरलो, न्हाय?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तीन दिवस खपून एका माणसाला फोटोतून काढलं होतं आणि सगळा फोटो त्यालाच देऊन टाकला होता. पाकिटावरची सही, मसाल्याची बाजू, वकिलाची जिरवणं या सगळ्यात अंकात त्या फोटोखाली काय छापलं जाणार हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"नवा काढूया," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

"आता? ह्या तोंडाचा?"

"हो."

तिनं विचार केला. मग पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, माग चालवताना खोचतात तसा, आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. मालकांनी खुर्ची दिली, ती नको म्हणाली. रंगवलेला पडदा सोडू लागले, तोही नको म्हणाली. मालकांनी रजिस्टर उघडलं.

"नाव?"

"तुळसाक्का."

"पुढं?"

"पुढं काय न्हाय. तुळसाक्का, वडगाव, एवढंच लिव्हा."

फोटो आला. सुरकुत्या, घट्टे, एक डोळा जरा बारीक. पुण्याच्या टीकाकारांनी त्यात नजाकत शोधली नसती. मी पेन्सिल टेकवली नाही. खालच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या शाईनं तिचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं. ते तिनं बोटानं चाचपून पाहिलं आणि शाई वाळायच्या आत थोडं पुसलं गेलं.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. रिटचरला वाटतं की माणूस राखणं किंवा घालवणं आपल्या चाकूवर आहे. आपल्याकडे फक्त चेहरा असतो. तो कुणाचा, ते छापखान्यात ठरतं. तेव्हापासून कुठल्याही काचेला हात लावण्याआधी मी काठावर माणसाचं नाव लिहून घेते. व्रण आणि सुरकुत्या त्यानंतर.